किट लेन्सच्या पुढची खरेदी: हौशी छायाचित्रकारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांच्याकडे सुरुवातीचा डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) आणि त्यासोबत घेतलेल्या १८-५५ व ७०-३०० (किंवा ५५-२५०) मिलिमीटरच्या दोन ‘किट’ लेन्स आहेत, जे गडकिल्ले, पक्षी, सणसमारंभ किंवा घरच्या मुलाबाळांचे फोटो हौसेने काढतात आणि ज्यांना आता पदरचे पैसे घालून पुढची खरेदी करायची आहे, त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. छायाचित्रणावर ज्यांचे पोट आहे त्यांची गणिते वेगळी असतात. ती येथे घेतलेली नाहीत.

नवे साहित्य घ्यायची वेळ खरोखर आली आहे, हे कसे ओळखावे?

हे चांगल्या फोटोंवरून कळत नाही, फसलेल्या फोटोंवरून कळते, आणि नेमके तेच आपण घरी आल्याआल्या पुसून टाकतो. म्हणून पुढचे दोन-तीन महिने फसलेले फोटो एका वेगळ्या फोल्डरमध्ये साठवावेत आणि मग निवांत बसून प्रत्येक फोटो कशामुळे फसला ते लिहून काढावे. संपूर्ण चौकट हललेली दिसत असेल तर हात हलला आहे. मागची भिंत स्पष्ट असून फक्त नाचणारा माणूस पुसट असेल तर शटर स्पीड कमी पडला आहे. या दोन दोषांवरचे उपाय निराळे आहेत, कारण लेन्समधील किंवा बॉडीमधील (म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यातील) स्थिरीकरण हाताचा कंप सावरते, पण समोरच्या माणसाला थांबवू शकत नाही. डोळ्याऐवजी मागच्या फांदीवर फोकस बसला असेल तर तो फोकस यंत्रणेचा किंवा ती वापरण्याच्या सवयीचा प्रश्न असतो. पक्षी ज्वारीच्या दाण्याएवढा आला असेल तर लेन्स आखूड पडली, किंवा आपण पुरेसे जवळ गेलो नाही, किंवा दोन्ही.

या यादीत एकच कारण पुन्हा पुन्हा येऊ लागले आणि सवय बदलूनही ते सुटत नाही अशी खात्री पटली, तर खरेदीचे कारण सापडले असे समजावे. कारणे विखुरलेली असतील तर अजून थोडे थांबायला हरकत नाही. भर दुपारचा सपाट प्रकाश, कललेले क्षितिज आणि नवरदेवाच्या डोक्यातून उगवलेला विजेचा खांब यांवर कोणत्याही दुकानात औषध मिळत नाही.

मी कोणती फोकल लेंग्थ जास्त वापरतो, हे शोधता येते का?

येते, आणि तेही फुकट. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये फोकल लेंग्थ (लेन्सचा मिलिमीटरमधील आकडा; तो जितका मोठा तितके दूरचे जवळ दिसते), ॲपर्चर (लेन्समधून प्रकाश येण्याचे छिद्र; एफचा आकडा जितका लहान तितके ते मोठे), शटर स्पीड आणि आयएसओ (प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता) यांची नोंद आपोआप होत असते. लाइटरूममध्ये मेटाडेटाच्या चाळणीने किंवा डिजिकॅमसारख्या मोफत प्रणालीत शोध घेऊन गेल्या वर्षभरातील फोटो या नोंदींप्रमाणे वेगळे करता येतात.

मात्र या आकड्यांचा अर्थ जपून लावावा. शेकडो फोटो ३०० मिलिमीटरवर असतील तर तुम्हाला त्याहून लांबची लेन्स हवी होती, असे बहुधा म्हणता येते. शेकडो फोटो १८ वर असतील तर तेच अनुमान तितके पक्के नसते, कारण पिशवीतून काढताना लेन्स बहुतेकदा १८ वरच असते आणि घाईत आपण ती फिरवतच नाही. मी स्वतः हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा एका चौकटीत मावावा म्हणून १०-२० मिलिमीटरची लेन्स घेतली होती. कडा मावला खरा, पण पुढच्या दोन वर्षांतील नोंदी पाहिल्या तेव्हा गडावरचे मला आवडलेले बहुतेक फोटो ३० ते ७० मिलिमीटरच्या दरम्यानचे निघाले. आधी नोंदी पाहिल्या असत्या तर ती लेन्स मी घेतली नसती.

आधी बॉडी बदलावी की आधी लेन्स?

बहुतेक हौशी लोकांच्या बाबतीत उत्तर लेन्स असे येते, आणि त्यामागे साधा हिशेब आहे. समजा, तुम्ही विसर्जन मिरवणुकीत संध्याकाळनंतर किट लेन्स ५५ मिलिमीटरवर ठेवून फोटो काढत आहात. तेथे तिचे ॲपर्चर एफ/५.६ पेक्षा उघडत नाही. एफ/१.८ ची लेन्स त्याच प्रकाशात सेन्सरवर सुमारे साडेनऊपट प्रकाश सोडते. म्हणजे १/३० सेकंदाच्या जागी तेवढ्याच आयएसओवर साधारण १/३०० सेकंद मिळतो. १/३० ला ताशा वाजवणाऱ्याचे हात धुरकट होतात, १/३०० ला टिपरू बऱ्यापैकी थांबते. याउलट लहान सेन्सरवरून फुल फ्रेमवर (३६ बाय २४ मिलिमीटरच्या मोठ्या सेन्सरवर) गेल्यास सेन्सरचे क्षेत्रफळ सव्वादोनपटीहून थोडे अधिक वाढते, त्यामुळे मिळणारा फायदा सव्वा स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) आसपास असतो, आणि त्यासाठी मोजावी लागणारी रक्कम एका एफ/१.८ लेन्सच्या कितीतरी पट असते.

तरीही ‘आधी लेन्स’ हा मंत्र डोळे मिटून जपू नये. तुमची अडचण पळत्या मुलांच्या किंवा उडत्या पक्ष्यांच्या फोकसची असेल, तर सुरुवातीच्या डीएसएलआरमधील मोजके फोकस बिंदू आणि हळू चालणारे सलग चित्रण ही खरी मर्यादा असू शकते आणि तेथे नवी बॉडी मोठा फरक पाडते. व्हिडिओ करायचा असेल तेव्हाही तसेच. बॉडी बदलायचे ठरले, की माउंटचा (म्हणजे लेन्स ज्या खोबणीत बसते तिचा) विचार त्याच बैठकीत करावा. तो पुढे आला आहे.

पहिली मोठ्या ॲपर्चरची लेन्स कोणती घ्यावी, ३५ की ५०?

५० मिलिमीटर एफ/१.८ स्वस्त असते म्हणून सगळे तीच सुचवतात. फुल फ्रेमवर ती सर्वसाधारण दृष्टिकोनाची लेन्स आहे, पण ज्याच्या बाजू फुल फ्रेमपेक्षा १.५ किंवा १.६ पटीने लहान असतात अशा सेन्सरवर तिचा दृष्टिकोन ७५ ते ८० मिलिमीटरसारखा अरुंद होतो. अंगणात किंवा मांडवात एका माणसाच्या चेहऱ्यासाठी ती उत्तम आहे. मुंबई-पुण्याच्या दहा बाय बाराच्या खोलीत केक कापणारे सगळे कुटुंब घ्यायचे असेल तर भिंतीला पाठ टेकूनही ती पुरत नाही. घरातील फोटो जास्त असतील तर निकॉनवाल्यांनी ३५ मिलिमीटर एफ/१.८ डीएक्स आणि कॅननवाल्यांनी २४ मिलिमीटर एफ/२.८ एसटीएम यांचा विचार करावा. निर्णय होत नसेल तर किट लेन्सला ३५ वर आणि मग ५० वर कागदी चिकटपट्टी लावून एकेक रविवार तशीच वापरून पाहावी.

निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकांतील कॅमेऱ्यांमध्ये फोकसची मोटर नसते. त्यामुळे नावात ‘एएफ-डी’ असलेली जुनी लेन्स त्यांवर बसते, पण फोकस हातानेच करावा लागतो. स्वस्त मिळाली म्हणून ५० मिलिमीटर एफ/१.८ डी घेऊन नंतर हळहळणारे लोक दरवर्षी भेटतात. त्यांनी आत मोटर असलेली ‘जी’ घ्यायला हवी होती.

डीएसएलआर सोडून मिररलेस (बिनआरशाचा कॅमेरा) घ्यावा का?

आज नवी बॉडी घ्यायचीच असेल तर माझे उत्तर होय असे आहे. निकॉनने डी७८० आणि डी६ हे कॅमेरे २०२० मध्ये आणले आणि त्यानंतर नवा डीएसएलआर आणलेला नाही. कॅनन व निकॉन या दोघांनी २०१८ मध्ये अनुक्रमे आरएफ आणि झेड हे नवे माउंट सुरू केले आणि त्यांच्या नव्या लेन्स त्यांसाठीच निघतात. सोनीचे ई माउंट २०१० पासून आहे, फुजीफिल्मचे एक्स माउंट २०१२ पासून.

प्रत्यक्ष वापरात दोन फरक लगेच जाणवतात. पहिला फोकसचा: माणसाचा, प्राण्याचा किंवा पक्ष्याचा डोळा ओळखून त्याला धरून राहणारी यंत्रणा आजच्या मिररलेस कॅमेऱ्यांत सर्रास मिळते, आणि फोकस थेट सेन्सरवरूनच ठरत असल्यामुळे बॉडी व लेन्स यांचा मेळ न बसून फोकस थोडा पुढे-मागे जाण्याची डीएसएलआरची जुनी तक्रार उरत नाही. दुसरा फरक म्हणजे फोटो काढण्यापूर्वीच उजेड कमी की जास्त ते दर्शिकेत (व्ह्यूफाइंडरमध्ये) दिसते. शिकणाऱ्याला याचा फार उपयोग होतो.

तोटा बॅटरीचा आहे. निकॉन डी३५०० ची प्रमाणित क्षमता एका चार्जिंगमध्ये १५५० फोटोंची होती. सुरुवातीच्या किमतीच्या अनेक मिररलेस कॅमेऱ्यांत ती ३०० ते ४०० च्या घरात असते. दोन दिवसांच्या ट्रेकला किमान दोन जास्तीच्या बॅटऱ्या लागतात, आणि ही रक्कम कोणी आधी धरत नाही.

बॉडी बदलायची नसेल तर मात्र नुसता काळ पुढे गेला म्हणून घाई करू नये. डीएसएलआरच्या लेन्स वापरलेल्या बाजारात आता खूप उतरल्या आहेत आणि तुमच्या आहे त्या कॅमेऱ्याला त्या पुढची अनेक वर्षे साथ देतील.

माझ्या जुन्या लेन्स मिररलेसवर चालतील का?

त्याच कंपनीत राहिलात तर ॲडॉप्टरने बहुतेक चालतात. मिररलेसमध्ये आरसा नसल्यामुळे माउंट आणि सेन्सर यांतील अंतर कमी असते (निकॉनच्या एफ माउंटला ते ४६.५ मिलिमीटर, झेडला १६, कॅननच्या ईएफला ४४, आरएफला २०), आणि ती उरलेली जागा ॲडॉप्टर भरून काढतो. कॅननच्या ईएफ व ईएफ-एस लेन्स यात उत्तम काम करतात. निकॉनच्या एफटीझेड ॲडॉप्टरवर एएफ-एस आणि एएफ-पी लेन्स आपोआप फोकस करतात, पण मोटर नसलेल्या एएफ-डी लेन्स येथेही हातानेच फिरवाव्या लागतात.

लहान सेन्सरसाठी बनवलेली लेन्स फुल फ्रेम बॉडीवर लावली तर कॅमेरा चौकटीचा फक्त मधला भाग वापरतो आणि २४ मेगापिक्सेलच्या बॉडीतून १० मेगापिक्सेलच्या आसपास फोटो हाती येतो. जुन्या किट लेन्स तशाच ठेवून फुल फ्रेम बॉडी घेणाऱ्यांनी हा आकडा आधी पाहावा.

कॅननच्या जुन्या मिररलेस ‘एम’ मालिकेबद्दलही वेगळे सांगायला हवे. एम५० सारखे कॅमेरे वापरलेल्या बाजारात आकर्षक किमतीला दिसतात, पण २०१२ मध्ये आलेले ते ईएफ-एम माउंट कॅननने बंद केले आहे आणि त्याच्या लेन्स आरएफ बॉडीवर लागत नाहीत. आहे तेवढ्यावर समाधान मानणार असाल तरच तो रस्ता धरावा.

फुल फ्रेमवर गेल्याशिवाय फोटो ‘प्रोफेशनल’ दिसत नाहीत, हे खरे का?

नाही. फुल फ्रेमचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो, निकॉन-सोनी-फुजीफिल्मचा लहान सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६ चा. मोठ्या सेन्सरवर अंधारातले फोटो स्वच्छ येतात, एकाच दृष्टिकोनात आणि एकाच एफ आकड्यावर पार्श्वभूमी अधिक विरघळते आणि प्रक्रिया करताना सावल्यांतून जास्त तपशील उकरता येतो. पण हे सगळे पदरात पाडून घ्यायचे तर त्या दर्जाच्या लेन्सही घ्याव्या लागतात, आणि खर्चाची आणि वजनाची खरी वाढ तेथे होते. रात्रीचे आकाश, अंधारे सभागृह किंवा व्यक्तिचित्रे हाच तुमचा मुख्य छंद असेल तर विचार जरूर करावा. राजगडाची चढण आणि पाठीवरची पिशवी हाच छंद असेल तर लहान सेन्सरबद्दल कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

किती मेगापिक्सेल हवेत?

बारा बाय अठरा इंचांचे चांगले छापील चित्र ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० ठिपके) काढायला १ कोटी ९४ लाख पिक्सेल, म्हणजे सुमारे साडेएकोणीस मेगापिक्सेल लागतात. फोरके दूरचित्रवाणी संच ८.३ मेगापिक्सेल दाखवतो. तेव्हा २४ पुरेसे आहेत. २४ वरून ४५ वर गेल्याने चित्राची रुंदी दुप्पट होते असा समज असतो. प्रत्यक्षात ती सुमारे ३७ टक्के वाढते, हार्ड डिस्क मात्र जवळजवळ दुप्पट वेगाने भरते.

पक्षी आणि वन्यजीवांसाठी किती मिलिमीटरची लेन्स घ्यावी?

कोठे जाता यावर ते ठरते. भिगवणला उजनीच्या फुगवट्यात नावेतून रोहित पक्ष्यांचे थवे टिपायचे असतील तर लहान सेन्सरवर ३०० मिलिमीटरने सुरुवात चांगली होते, कारण पक्षी मोठा असतो आणि नाव पाण्याच्या पातळीवर असल्याने कोनही छान मिळतो. नांदूर मधमेश्वरच्या मनोऱ्यावरून किंवा बांधावरून लहान पाणपक्षी टिपायचे तर ५०० ते ६०० मिलिमीटरही अपुरे वाटतात. ताडोब्यात रस्त्यावर आलेला वाघ कधी कधी ३०० मध्येही मावत नाही, आणि कधी गवतातला कान ६०० मध्येही दिसत नाही.

हौशी लोकांसाठी सिग्मा आणि टॅमरॉनच्या १५०-६०० ने हा प्रांत खुला केला. निकॉनची २०० ते ५०० एफ/५.६ ही २०१५ पासूनची लेन्सही वापरलेली घेण्यासारखी आहे. या लेन्सचे वजन दोन किलोच्या आसपास किंवा थोडे वर असते. दुकानात दोन मिनिटे धरून ते कळत नाही, म्हणून घेण्यापूर्वी शनिवार-रविवार भाड्याने आणून सकाळची फेरी पूर्ण करून पाहावी. ज्यांना हे वजन झेपत नाही अशांसाठी कॅननच्या आरएफ १००-४०० एफ/५.६-८ चा पर्याय आहे. ती सुमारे ६३५ ग्रॅमची आहे, पण पहाटेच्या मंद प्रकाशात तिचे लहान ॲपर्चर जाचते.

या छंदात लहान सेन्सर ही अडचण नसून सोय आहे. तीच लेन्स २४ मेगापिक्सेलच्या लहान सेन्सरवर लावली तर पक्ष्यावर पडणाऱ्या पिक्सेलांची संख्या २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमपेक्षा सव्वादोनपट असते. लेन्सच्या मागे बसून तिची फोकल लेंग्थ वाढवणारा टेलीकन्व्हर्टर मात्र जपून घ्यावा. १.४ पटीचा एक स्टॉप आणि २ पटीचा दोन स्टॉप प्रकाश खातो, एफ/६.३ ची लेन्स एफ/९ होते आणि अनेक डीएसएलआरची फोकस यंत्रणा तेथे हात टेकते.

उन्हाळ्यात सकाळी दहानंतर तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरू लागते आणि दूरचे चित्र मऊ येते. या दोषाचे खापर लोक लेन्सवर फोडतात आणि ती बदलतातही. अशा वेळी जवळचा विषय शोधावा किंवा चहा घ्यावा. सफारीच्या जिप्सीत ट्रायपॉड लावता येत नाही. गाडीच्या दांडीवर ठेवायला कापडी पिशवीत तांदूळ किंवा राजमा भरून केलेली बीन बॅग तेथे कामाला येते.

मॅक्रो लेन्स (अगदी जवळून बारीक गोष्टी टिपणारी) घेतल्याशिवाय कीटक आणि बेडूक टिपता येतील का?

सुरुवात नक्की करता येते. लेन्स आणि बॉडी यांच्यामध्ये बसवायच्या एक्स्टेन्शन ट्यूबमध्ये काच नसते, त्यामुळे ती स्वस्त असते. फक्त विद्युत जोडणी असलेली घ्यावी, नाहीतर ॲपर्चर बदलता येत नाही. ७०-३०० च्या पुढे चिमट्याने लावायचे रेनॉक्स डीसीआर-२५० हे भिंगही चांगले काम देते. आंबोलीत पावसाळी रात्री बेडूक आणि साप शोधणाऱ्यांना लेन्सपेक्षा फ्लॅश आणि त्यावरचा, प्रकाश मऊ करणारा पांढरा डिफ्यूझर यांनी अधिक फरक पडतो, कारण एवढ्या जवळून एफ/११ वर नैसर्गिक प्रकाश उरतच नाही. छंद टिकला तर ९० किंवा १०० मिलिमीटरची खरी मॅक्रो घ्यावी. साठपेक्षा आखूड घेतल्यास फुलपाखरू तुमच्या सावलीनेच उडते.

वापरलेले साहित्य घ्यावे का, आणि घेताना काय पाहावे?

लेन्स वापरलेली घ्यायला मी कचरत नाही. बॉडीच्या बाबतीत थोडा कचरतो.

लेन्सची दोन्ही झाकणे काढून, ॲपर्चर पूर्ण उघडून एका बाजूने मोबाइलचा दिवा मारावा आणि दुसऱ्या बाजूने तिरके पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर ती बुरशी आहे आणि विक्रेता कितीही गोड बोलला तरी ती लेन्स तेथेच ठेवावी. धुळीचे दोन-चार कण असणे सामान्य आहे, त्यांचा फोटोवर परिणाम होत नाही. ॲपर्चरच्या पात्यांवर तेलाचा ओशटपणा नसावा, झूम फिरवताना खरखर येऊ नये, आणि पूर्ण उघड्या ॲपर्चरवर सपाट भिंतीचा किंवा वर्तमानपत्राचा फोटो काढून चारही कोपरे सारखे येतात का ते पाहावे. एकच कोपरा पुसट असेल तर लेन्स बहुधा पडलेली आहे.

बॉडीसाठी शटर आतापर्यंत किती वेळा चालले तो आकडा विचारावा. निकॉनच्या फोटोंच्या फाइलमध्येच तो नोंदलेला असतो. कॅननच्या बहुतेक मॉडेल्समध्ये फाइलवरून तो कळत नाही. डी३५०० चे शटर एक लाख आणि डी७५०० चे दीड लाख वेळा चालावे अशी कंपनीची चाचणी असते, पण तो आकडा म्हणजे आयुष्याची तारीख नव्हे. त्यानंतर एफ/१६ वर निरभ्र आकाशाचा फोटो काढून सेन्सरवरचे डाग पाहावेत, आणि बॅटरीचा कप्पा व फ्लॅशची पट्टी येथे हिरवट गंज आहे का ते बारकाईने तपासावे. गंज असेल तर तो कॅमेरा पाण्यात गेलेला असण्याची शक्यता मोठी असते. मूळ बिल आणि त्यावरचा अनुक्रमांक बॉडीवरच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. लग्नांच्या हंगामात राबलेला कॅमेरा बाहेरून चकाकत असला तरी पकडीचे रबर आणि बटणांवरची पुसलेली अक्षरे खरे सांगून जातात.

‘बिलाशिवाय स्वस्त’ मिळणारा कॅमेरा घ्यावा का? परदेशातील नातेवाइकांकडून मागवावा का?

मुंबईच्या फोर्ट भागातील बोरा बाजारापासून गावोगावच्या दुकानांपर्यंत अनेक ठिकाणी हा प्रश्न कानावर येतो. अधिकृत मार्गाने न आलेल्या मालाला कंपनीची भारतातील वॉरंटी नसते. दुकानदार स्वतःची वॉरंटी देतो, जी त्याच्या शब्दाइतकी आणि दुकानाच्या आयुष्याइतकी असते. मोटर किंवा बोर्ड नसलेल्या साध्या साहित्यात ही जोखीम एखादा घेईलही, पण बॉडी आणि लांब झूम लेन्स यांत मी ती घेत नाही. ज्यांना विमा काढायचा आहे त्यांना तर जीएसटीचे बिल लागतेच.

दुबई, सिंगापूर किंवा अमेरिकेतील भाचा येणार असेल तर आधी तीन गोष्टी विचाराव्यात: त्या मॉडेलची वॉरंटी भारतात मानली जाते का, विमानतळावरची शुल्कमाफीची मर्यादा ओलांडली जाते का, आणि शुल्क भरावे लागले तर ते कोण भरणार. तिसऱ्या प्रश्नावरून नाती दुखावलेली पाहिली आहेत. जपानहून आणताना आणखी एक काळजी घ्यावी: तेथे स्थानिक ग्राहकांसाठी विकल्या जाणाऱ्या सोनीच्या अनेक कॅमेऱ्यांत मेनू फक्त जपानी भाषेत असतो.

पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागू नये म्हणून काय करावे?

कोकण, मुंबई, गोवा आणि घाटमाथा येथील लोकांनी नव्या लेन्सच्या आधी या प्रश्नावर खर्च करावा असे माझे स्पष्ट मत आहे. बुरशीचे बीज हवेत सर्वत्र असते. त्याला ओल, अंधार आणि बंद हवा मिळाली की ते काचेवर पसरते आणि तिच्यातून निघणारी आम्ले लेपाला व काचेला कायमचे कोरतात. कपाटात, कपड्यांमध्ये, चामडी पेटीत ठेवलेली लेन्स म्हणजे बुरशीला दिलेले आमंत्रणच होय. माझी पहिली ७०-३०० अशाच एका देखण्या चामडी पेटीत जून ते सप्टेंबर झोपली आणि गणपतीत बाहेर काढली तेव्हा आतून पांढरी झाली होती.

उत्तम उपाय म्हणजे विजेवर चालणारे ड्राय कॅबिनेट, ज्यात आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर ठेवता येते. ३० च्या खाली नेऊ नये, वंगण आणि रबर सुकते. कॅबिनेट परवडत नसेल तर रबरी कडा असलेला हवाबंद प्लास्टिकचा डबा, सिलिका जेल आणि शंभर-दोनशे रुपयांत मिळणारा छोटा आर्द्रतामापक यांवर काम भागते. निळे सिलिका जेल ओल शोषले की गुलाबी होते आणि तापवून पुन्हा निळे करता येते. त्यातील निळा रंग कोबाल्ट क्लोराइडचा असतो व तो विषारी आहे, त्यामुळे स्वयंपाकाची कढई त्यासाठी वापरू नये. डब्यात तांदूळ ठेवणे हा घरगुती उपाय सोडून द्यावा, कारण त्याचा भुकटा लेन्समध्ये जातो आणि ओलही फारशी शोषली जात नाही. सर्वात स्वस्त उपाय म्हणजे आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून वापरणे.

वातानुकूलित गाडीतून किंवा खोलीतून एकदम बाहेर आल्यावर काचेवर जे दव धरते, त्यावर उपाय म्हणजे कॅमेरा बंद पिशवीतच अर्धा तास बाहेरच्या हवेला येऊ देणे. पुसत बसू नये.

वारी, जेजुरी आणि पावसातल्या ट्रेकसाठी ‘वेदर सीलिंग’ (पाणी-धूळ अडवणारे सांधे) आवश्यक आहे का?

उपयोगी आहे, पण बॉडी आणि लेन्स दोन्ही सीलबंद असल्याशिवाय त्याला अर्थ नाही, आणि सीलबंद म्हणजे जलाभेद्य नव्हे. वारीतल्या संततधारेत मी सीलबंद कॅमेऱ्यावरही प्लास्टिकचे आवरण घालतो. जेजुरीचा प्रश्न पाण्यापेक्षा भंडाऱ्याचा आहे: हळदीची ती भुकटी इतकी बारीक असते की लांब होणाऱ्या झूम लेन्सच्या नळीबरोबर ती आत ओढली जाते. सोमवतीला गडावर जाताना आत-बाहेर न सरकणारी एकच लेन्स घरून लावून न्यावी, पुढे साधा यूव्ही फिल्टर लावावा, आणि खाली उतरून हात धुवेपर्यंत लेन्स बदलू नये.

ट्रायपॉड, कार्ड, फिल्टर यांवर किती खर्च करावा?

एकूण रकमेतील पाचवा हिस्सा यांच्यासाठी आधीच बाजूला काढावा, कारण बॉडी-लेन्स घेऊन झाल्यावर त्यांच्यासाठी काही उरत नाही. हलका, डुगडुगणारा ट्रायपॉड घेऊन मग दुसरा घेणे म्हणजे दोनदा पैसे देणे होय. कार्ड नामांकित कंपनीचे व अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावे. नकली कार्डांचा सुळसुळाट आहे. ‘व्ही३०’ ही खूण किमान ३० मेगाबाइट प्रतिसेकंद वेग दाखवते आणि फोटोंसाठी व साध्या फोरके व्हिडिओसाठी ती पुरते. एका मोठ्या कार्डापेक्षा दोन मध्यम कार्डे बरी.

कंपनी बदलावी का?

एक-दोन किट लेन्स असतील तर बदलण्यात फारसे काही गमावत नाही. चार चांगल्या लेन्स असतील तर पुष्कळ गमावता. सोनीने ई माउंटची माहिती २०११ मध्येच इतर लेन्स उत्पादकांना खुली केली, त्यामुळे सिग्मा-टॅमरॉनच्या स्वस्त पर्यायांची रेलचेल तेथे आहे. कॅनन आरएफसाठी लहान सेन्सरच्या सिग्मा व टॅमरॉन लेन्सची घोषणा २०२४ मध्ये झाली. याखेरीज मी एक अगदी अव्यावहारिक वाटणारा निकषही लावतो: तुमच्या गावात जवळचे मित्र कोणत्या कंपनीचे साहित्य वापरतात ते पाहावे, कारण लेन्स उसनी मिळणे हे कोणत्याही माहितीपत्रकात न छापलेले वैशिष्ट्य आहे.

चांगला मोबाइल असताना हे सगळे कशाला?

सहलीचे, घरगुती आणि भर उजेडातले फोटो मोबाइल उत्तम काढतो आणि तेवढेच हवे असेल तर खरेदी करू नये. दूरचा पक्षी, फ्लॅशची मांडणी, मोठे छापील चित्र आणि दर्शिकेला डोळा लावून थांबण्याचा आनंद यांसाठी कॅमेरा लागतो.

जुना कॅमेरा विकावा की ठेवावा?

सुरुवातीच्या डीएसएलआरला आता किंमत फार येत नाही, आणि नवी बॉडी आली की दर महिन्याला ती आणखी उतरते. त्यामुळे विकायचा असेल तर नवा घेतल्याच्या आठवड्यातच विकावा. बिल, पेटी, चार्जर आणि मूळ पट्टा सोबत असेल तर व्यवहार लवकर होतो. कार्ड काढून घ्यायला आणि कॅमेऱ्यातील मालकाचे नाव व वायफायच्या नोंदी पुसायला विसरू नये. येणारी रक्कम फारच किरकोळ असेल तर ३५ किंवा ५० ची लेन्स लावून तो घरातल्या शाळकरी मुलाच्या हाती द्यावा, आणि बॅटरी अर्धी भरलेली ठेवून त्याच हवाबंद डब्यात त्यालाही जागा करावी.